डिझेलचा पट्टा

उत्तम शिगवण हा माणूस काही डोंगर चढायला जन्माला आलेला नव्हता. त्याची सगळी नोकरी खोपटच्या एसटी डेपोत गेली, आणि तीही गाडीच्या खाली, पाठ टेकून. मेकॅनिकने वर बघायचं ते इंजिनाच्या पोटाकडे. गाव खेडकडचं, म्हणजे डोंगर तर पाचवीला पुजलेला, पण सुट्टीत गावी गेला तरी हा देवळाच्या पायरीपुढे कधी चढला नाही. "वर काय आहे?" म्हणून विचारायचा. कुणी म्हणालं, हवा छान आहे, तर म्हणायचा, "हवा काय, खाली पण आहे की."

असा हा माणूस गेली पाच वर्षं दर रविवारी वाघजाईचा डोंगर चढतो. बरोबर एक काळा कुत्रा. वय दोघांचंही झालंय आणि सांधे दोघांचेही कुरकुरतात. डोंबिवलीत त्याच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारणही ठाऊक आहे, पण जिन्यात भेटल्यावर कुणी त्याबद्दल बोलत नाही. चार माणसं एकत्र राहिली की एवढी तरी समज उरते, हेच नशीब.

कुत्र्याचं नाव डिझेल. डेपोत एका बंद पडलेल्या गाडीखाली कुत्री व्याली होती. उत्तमने ते जेवताना सहज सांगितलं, आणि त्याचा मुलगा विनीत दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून ठाण्याला गेला आणि पाठपिशवीत घालून एक पिल्लू घेऊन आला. काळंकुट्ट, तेलात बुडवून काढल्यासारखं, आणि वासही तसाच. सुमतीने, म्हणजे विनीतच्या आईने, आधी आकाशपाताळ एक केलं. दोन खोल्यांत माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि हे कुठे ठेवणार? दोन दिवस ती पिल्लाला शिव्या देत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या शिलाई मशीनच्या पायट्याखाली ते झोपलेलं दिसलं, आणि सुमती पायट्यावर पाय न ठेवता हाताने चाक फिरवत ब्लाउज शिवत होती. तेव्हा घरातल्यांनी समजायचं ते समजून घेतलं.

विनीत नोकरीला लागला तो महाप्याला, कुठल्याशा कंपनीत. पाच दिवस कॉम्प्युटरपुढे मान मोडायची आणि रविवारी डोंगर. हे खूळ त्याच्यात कुठून आलं देव जाणे, बापाकडून तर नक्कीच नाही. आधी तो ट्रेकिंगच्या ग्रुपबरोबर जायचा. पण त्याला डिझेलला न्यायचं असायचं आणि ग्रुपला कुत्रा नको असायचा. बाकीचे मेंबर घाबरतात, म्हणे. मग याने ग्रुप सोडला. कुत्रा नाही सोडला. नेवाळीच्या पुढे आत गेलं की वाघजाईचा डोंगर आहे, तो त्याने दोघांसाठी पक्का करून टाकला. साईनाथ नावाचा एक रिक्षावाला होता, कुत्र्याला नाक न मुरडणारा, तो त्यांना पायथ्याच्या ठाकूरवाडीपर्यंत सोडायचा.

डोंगर तसा सोपा नाही. सुरुवातीला सागाचं रान. मग घसारा सुरू होतो, सुट्या दगडगोट्यांची चढण, पाय ठेवला की चार दगड खाली आणि आपण दोन हात मागे. त्याच्यावर एक अरुंद धार आणि धारेच्या शेवटी दोन पुरुष उंचीचा उभा कातळ. कुणीतरी केव्हाच्या काळी त्यात हातापायापुरत्या खोबण्या खोदून ठेवल्या आहेत. त्या धरून वर गेलं की देवीचं ठाणं. कातळाच्या एका अंगाला दरी आहे.

डिझेल तरुण होता तेव्हा माकड दिसलं की सुटायचा. माकडामागे कुत्रा आणि कुत्र्यामागे विनीत. एकदा कोपर फोडून घरी आला तेव्हा सुमती म्हणाली, "बांधून नेत जा त्याला, नाहीतर मी दोघांनाही घरात बांधून ठेवेन." विनीत म्हणाला, दुकानातले पट्टे गळ्याला असतात, चढताना कुत्र्याला घुसमटायला होतं, शिवाय माझे हात मोकळे पाहिजेत. तेव्हा उत्तम पुढे सरसावला. आता हे त्याच्या हातचं काम होतं.

ताडपत्री आवळायचा जाड नायलॉनचा पट्टा त्याने आणला. कुत्र्याच्या छातीला बसेल असं एक खोगीर, त्यावर एक कडी. दुसरा पट्टा विनीतच्या कमरेला. दोन्हीच्या मध्ये दोन-तीन हात लांब दोरपट्टा, त्याच्या टोकाला स्प्रिंगचा हूक, तो कडीत अडकवायचा. मापं उत्तमने घेतली आणि शिवण सुमतीने केली. साध्या सुईने नायलॉन शिवला जाईना म्हणून तिने बाजारातून जाड सुई आणवली, आणि एक टीप मारून झाल्यावर त्यावर दुसरी टीप मारली. विनीत डिझेलला धरून बसला होता, डिझेल सगळ्यांना चाटत होता. हसत हसत चाललेलं काम होतं ते. झाल्यावर उत्तमने दाराच्या वरच्या लोखंडी अँगलला पट्टा बांधून त्याला गॅसचा भरलेला सिलिंडर टांगून दाखवला. शेजारची प्रीती पण बघायला आली होती.

"तुटायचा नाही," उत्तम म्हणाला. "माणूस लटकला तरी तुटायचा नाही."

तो तुटला नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी ठाकूरवाडीत गुरं राखणाऱ्या भिवाचा फोन आला. विनीत कातळाच्या दरीकडच्या अंगाला खाली पडलेला सापडला होता, गवत कापायला गेलेल्या बायकांना. कमरेला पट्टा तसाच, दोरपट्टा तसाच, टोकाचा हूक रिकामा. डिझेल दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. कातळाच्या पायथ्याशी बसला होता. अंगावर ओरखडा नव्हता. जमलेल्या माणसांत कुणीतरी म्हणालं, "कुत्र्यानं ओढलं. माकड दिसलं असणार." बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? ते वाक्य डोंगरावरून निघालं ते डोंबिवलीला सुमतीच्या कानापर्यंत येऊन थांबलं, आणि तिथेच बसलं.

"हे जनावर माझ्या नजरेसमोर नको," ती म्हणाली. रडली नाही. नुसतं तेवढंच म्हणाली.

डिझेल त्या आठवड्यात घराबाहेर जायचाच. सुमतीचा भाऊ जगन त्याला शीळफाट्याच्या पलीकडे कुणाच्या तरी गोठ्यावर सोडून येणार होता, टेम्पो ठरला होता. पण मध्ये दहावा आला. खाडीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. कावळे होते, भरपूर होते. कठड्यावर बसून बघत होते. जगन हात जोडून म्हणाला, "विनीत, रसिकाच्या लग्नाची काळजी करू नको, मामा आहे." रसिका म्हणजे विनीतची धाकटी बहीण. कावळा ढिम्म. "आईला जपू." ढिम्म. "बाइकचे हप्ते फेडू." कुणी म्हणालं, आवडीचं काही राहिलं असेल, म्हणून वडापाव आणून ठेवला. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले तेव्हा मागे उभा असलेला उत्तम पुढे आला. 

"डिझेलला मी सांभाळतो रे," तो म्हणाला. "दर रविवारी डोंगरावर नेतो. तो चालेल तोवर नेतो."

कावळा उतरला. आता तो त्या शब्दांनी उतरला की वडापावच्या वासाने, हे कावळ्यालाच ठाऊक. पण बारा-पंधरा माणसांनी ते ऐकलं आणि बारा-पंधरा माणसांनी ते पाहिलं. टेम्पो परत गेला. कावळ्यासमोर दिलेला शब्द सुमतीलाही मोडता येईना.

तिने एवढंच केलं की डिझेलला नावाने हाक मारणं बंद केलं. "ते" झालं त्याचं. "त्याला भात घातला का? त्याला बाहेर न्या." जेवण वेळेवर द्यायची, दूध-पोळीसुद्धा कुस्करून द्यायची, पण थाळी पायाने पुढे सरकवायची. डिझेल गॅलरीत राहू लागला. मशीनचा आवाज सुरू झाला की तो अजूनही दाराच्या उंबऱ्यापर्यंत यायचा आणि आत न येता तिथेच पडून राहायचा. रसिका लग्न होऊन बदलापूरला गेली. घरात राहिली ती ही तिघं, आणि तिघांपैकी बोलणारं कुणी नव्हतं.

आणि दर रविवारी उत्तम डोंगर चढत होता. पहिल्या रविवारी घसाऱ्यावर तो चक्क रांगत गेला. भिवा पाठीमागून म्हणत होता, "काका, राहूं द्या." डेपोतले जुने मित्र म्हणाले, उत्तम, गुडघा बघ आपला, पडलास तर? तो म्हणायचा, "मेलं कोंबडं आगीला भीत नाही." कुत्र्याला तो मोकळाच सोडायचा. पट्टा त्याला डोळ्यांसमोर नको होता. घड्याळ, पाकीट आणि पट्टा असं एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून पोलिसांकडून परत मिळालं होतं, ते त्याने डिझेलच्या अंगावरून काढलेल्या खोगिरासकट माळ्यावर टाकलं होतं, हात पोचणार नाही इतकं आत.

कारण त्या हुकाचं भूत त्याच्या मानेवर बसलेलं होतं. रिकामा हूक. स्प्रिंगचा हूक रिकामा दोनच कारणांनी होतो, हे त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं कुणाला नव्हतं. एक तर हाताने काढला. नाहीतर कडीवर आडवा झटका बसला आणि पीळ पडून निसटला. डेपोत असे निसटलेले हूक त्याने डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे कुत्र्याने झेप घेतली असेल, कमरेला हिसका बसला असेल, पोराचा हात खोबणीतून सुटला असेल, आणि मग हूक निसटला असेल. असं झालं असेल तर पोराला कुत्र्याने नाही मारलं. बापाने मारलं. बापाने पट्टा केला, बापाने सिलिंडर टांगून दाखवला, बापाने सांगितलं तुटायचा नाही. सुमती कुत्र्याला बोल लावायची तेव्हा तो गप्प बसायचा. कुत्र्याची बाजू घ्यायची तर पट्ट्याचं नाव काढावं लागलं असतं. आपल्या वाटणीचा बोल मुक्या जनावराच्या माथी जातोय हे कळत असूनही तो पाच वर्षं गप्प बसला.

वर पोचलं की डिझेल कातळाच्या पायथ्याशी बसायचा आणि मान वर करून बघत राहायचा. उत्तम कातळ कधी चढला नाही. तोही बाजूच्या दगडावर बसायचा. बराच वेळ गेला की कुत्र्याला चुचकारून, ओढून, कधी पहिली चार पावलं उचलून खाली आणावं लागायचं. ट्रेकिंगला आलेली पोरं त्याचे व्हिडिओ काढायची. त्यातला एक खूप फिरला. मालकाची वाट बघणारा इमानी कुत्रा, खाली रडवेलं गाणं. मोबाइलवर हजारो लाल बदाम मिळाले म्हणतात. बदाम देणाऱ्यांपैकी डिझेलच्या सांध्यांचं औषध आणून द्यायला मात्र कुणी आलं नाही. उत्तमलाही वाटायचं, कुत्रा वाट बघतोय. दुसरं काय असणार?

यंदाच्या दिवाळीनंतर डिझेलच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला. एका रविवारी धारेवर त्याचा मागचा पाय सुटला. भिवा गुरांमागे तिथेच होता म्हणून त्याने मानगूट धरली.

"काका," भिवा म्हणाला, "त्याला आता दिसत नाय. मोकळा नका आणूं. बांधून आणा, नायतर घरीच ठेवा."

घरी ठेवणं शब्दात बसत नव्हतं. तो चालेल तोवर, असं म्हटलं होतं, आणि डिझेल अजून चालत होता. उत्तमने बाजारातून गळ्याचा पट्टा आणला, पण पुढच्या रविवारी घसाऱ्यावर डिझेल खोकून खोकून बेजार झाला. छातीचाच पट्टा हवा होता. मापाचा पट्टा घरात होता.

सुमती फॉल-बिडिंगच्या साड्या द्यायला बाहेर गेली असताना त्याने स्टूल लावून माळ्यावरून पिशवी ओढली. पट्टा कडक झाला होता. त्याने तो रविवारी थैलीतून लपवून नेला, आणि वाडीपर्यंत पोचल्यावर मगच बाहेर काढला. डिझेलने खोगीर हुंगलं. बराच वेळ हुंगत राहिला. मग आपणहून पुढचा पाय उचलून त्यात घातला.

उत्तमने दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. घसारा पार पडला. धार पार पडली, कुत्र्याचं सगळं वजन त्या दोरपट्ट्यावर जाणवत होतं आणि एकेका हिसक्याला हा थांबून हूक चाचपत होता. कातळ पाच-सहा पावलांवर आला तेव्हा डिझेल थांबला.

नेहमी तो सरळ पायथ्याशी जाऊन बसायचा. आज थांबला. आणि वळला. उत्तमच्या पायाशी आडवा होऊन, कूस त्याच्याकडे करून उभा राहिला. उत्तमला वाटलं दमला. त्याने चुचकारलं. "चल की रे." दोरपट्टा ताणला. डिझेल चारही पाय रोवून उभा. ओढलं तरी हलेना. कडी असलेली बाजू बरोबर याच्या हाताखाली आणून मान खाली घालून उभा राहिला, न्हाव्यापुढे मुलगा बसतो तसा मुकाट्याने.

उत्तमचा हात कडीकडे गेला. त्याने हूक काढला. खट्कन आवाज झाला, आणि तो आवाज ऐकल्याबरोबर डिझेल सुटला, कातळाच्या पायथ्याशी जाऊन खाली बसला, मान वर केली.

 उत्तम तिथेच धारेवर बसला. त्याच्या सगळं एकदम लक्षात आलं. विनीत इथे दर वेळी हूक काढत असणार. कातळावर माणूस आणि कुत्रा एकमेकांना बांधलेले नसावेत, एवढी अक्कल पोराला होती, बापापेक्षा जास्त होती. हूक काढायचा, कुत्र्याला खाली बसवायचं, स्वतः वर जायचं आणि वरून हाक मारायची; तोवर कुत्र्याने जागा सोडायची नाही. हा धडा त्याने कुत्र्याकडून इतक्या रविवारी गिरवून घेतला होता की पाच वर्षांनी, डोळे गेल्यावरसुद्धा, कुत्रा तो विसरला नव्हता. कुत्रा मालकाचा शोक करत नव्हता. वरून हाक यायची होती, ती अजून आली नव्हती.

त्या दिवशीही हूक आधीच काढलेला होता. पट्टा पोराच्या कमरेला नुसता लोंबत होता. कुणी ओढलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने पट्टा थैलीतून काढून सुमतीच्या मशीनवर ठेवला. ती ब्लाउजला हुक लावत होती. तिने पट्ट्याकडे पाहिलं आणि सुई धरलेला हात मांडीवर ठेवला. उत्तमने जे पाहिलं ते सांगितलं. त्याला नीट सांगता येत नव्हतं, मध्येच कुत्रा कसा उभा राहिला ते स्वतः वळून दाखवत होता. ती ऐकत राहिली. मग तिने पट्टा उचलला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एक धागा निसटलेला नव्हता.

"एकच टीप मारायला हवी होती मी," ती म्हणाली.

"काय?"

"एकच टीप मारली असती तर ओढल्यावर उसवला असता ना हो पट्टा? कुत्रा गेला असता, पोरगा राहिला असता. मी दोन मारल्या. कुणी सांगितलं होतं मला दोन मारायला?"

उत्तम तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पाच वर्षं हिच्या तोंडून कुत्र्याशिवाय दुसरा शब्द नव्हता, आणि आत हे जळत होतं. एका घरात, एका छताखाली, एक हुकापायी झुरत होता आणि एक टिपेपायी. आणि दोघांच्या मधल्या त्या मुक्या जिवाने दोघांचाही राग खाल्ला होता.

"अगं, पण ओढलंच नाही कुणी," तो म्हणाला. "तेच सांगतोय मी तुला. हूक काढलेला होता."

"खरं सांगताय? की मला बरं वाटावं म्हणून?"

"खरं."

तिचा विश्वास बसला नाही. त्याला ते कळलं. आयुष्यभर गाडी दुरुस्त व्हायच्या आधीच 'होतंय, होतंय' म्हणणारा माणूस तो, बायकोने त्याचं किती धरायचं?  तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, मागे न बघता म्हणाली, "रविवारी मला न्या. मला दाखवा."

"तुला जमायचं नाही ते. घसारा आहे."

"तुम्हाला जमलं ना?"

रविवारी साईनाथ रिक्षा घेऊन आला तेव्हा सुमतीने रसिकाचे जुने कॅनव्हासचे बूट घातले होते आणि साडीचा काष्टा मारला होता. साईनाथ एरवी तोंड बंद ठेवणारा नव्हे, पण त्या दिवशी वाडीपर्यंत त्याने हूं की चूं केलं नाही. मागच्या सीटवर कोण कुठे बसणार यावरूनही काही झालं नाही. डिझेल पायाशी बसला. सुमतीने पाय आखडून घेतले, पण फार नाही.

डिझेलचं त्या दिवशी काही खरं नव्हतं. रानातच तो दोनदा बसला. घसारा आला तेव्हा भिवाने त्याला बकरीच्या करडासारखा खांद्यावर आडवा घेतला आणि अनवाणी पायांनी दगड दाबत पुढे निघाला. मागून सुमती, तिच्या मागे उत्तम. ती हातापायांवर चढत होती. मध्ये एकदा तिचा पाय घसरला, ढोपर सोललं. उत्तम म्हणाला, "परत फिरू या का?" तिने मान हलवली आणि पुढचा दगड धरला. आपला पोरगा दर रविवारी हौसेने इथे यायचा, ही वाट त्याला आवडायची, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं. धारेवर वारा होता. खाली दूरवर नेवाळीकडची घरं, त्यापलीकडे कल्याणच्या बाजूचे टॉवर धुरकट दिसत होते. तिने तिकडे पाहिलं नाही. ती दरीकडेही बघेना.

भिवाने डिझेलला खाली ठेवलं. उत्तम पट्टा स्वतःच्या कमरेला बांधायला लागला तशी सुमतीने हात पुढे केला.

"मला द्या."

तिने तो साडीवरून कमरेला बांधला. तिच्या कमरेला तो सैल झाला, विनीतच्या मापाचा होता. उत्तमने हूक कडीत अडकवला. ती चालायला लागली, तिच्या बाजूने डिझेल, लंगडत. उत्तम मागे उभा राहिला. आता त्याला भीती वाटली की कुत्रा विसरला तर? म्हातारं जनावर, आज अंगात ताकद नाही, सरळ जाऊन पडलं तर? मग ही मरेपर्यंत म्हणणार, यांनी माझ्या समाधानासाठी गोष्ट रचली. त्याने मनातल्या मनात वाघजाईला हात जोडले. यापूर्वी कधी जोडले नव्हते.

कातळ पाच-सहा पावलांवर आला. डिझेल थांबला. वळला, कूस तिच्याकडे करून आडवा उभा राहिला.

सुमतीने लगेच हूक काढला नाही. तिने दोरपट्टा ओढून पाहिला. हळू ओढला, मग जोरात ओढला. त्याचे पाय थरथरत होते, पण त्याने जागा सोडली नाही. तिने पुन्हा ओढला.

"बस कर गं," उत्तम म्हणाला.

मग ती वाकली. ब्लाउजचे शेकडो हुक लावलेल्या तिच्या बोटांना तो हूक उघडेना. शेवटी उघडला. खट्कन झालं. डिझेल पायथ्याशी गेला, सावकाश मागचे पाय दुमडून बसला, आणि त्याने पांढरे पडलेले डोळे वर केले.

वरून कुणी हाक मारली नाही.

सुमती बघत राहिली. तिच्या कमरेला तो रिकामा दोरपट्टा वाऱ्याने हलत होता, त्या दिवशी तिच्या पोराच्या कमरेला असेल तसाच. उत्तमला वाटलं आता तिची सुटका होईल. पाच वर्षांचं ओझं उतरेल. त्याचं स्वतःचं गेल्या रविवारी थोडं तरी उतरलं होतं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाहिलंस ना?" तो म्हणाला. "पट्ट्यानं नाही. डिझेलनं नाही."

"मग कशानं गेला हो तो?" सुमती म्हणाली.

 वाटेत उत्तमने काय काय सांगायचं ते जुळवून ठेवलं होतं, हे जुळवलेलं नव्हतं. हात सुटला असेल. पाय घसरला असेल. खोबणीत शेवाळ असेल. काहीच नसेल. चांगलं सकाळचं ऊन असेल, आणि पोरगा नुसता पडला असेल.

"आता मी कुणाला बोलू?" ती म्हणाली, आणि मग ती रडली. पाच वर्षांत उत्तमने तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. ती मोठ्याने, गावाकडच्या बायका रडतात तशी, विनीतचं नाव घेऊन रडली. भिवा धारेवर मागे गेला आणि पाठ करून उभा राहिला. डिझेलने एकदा कान हलवले. मान वरच होती.

रडून झाल्यावर ती पदराने तोंड पुसत उठली आणि कातळाच्या पायथ्याशी जाऊन डिझेलच्या शेजारी उकिडवी बसली. हात पुढे केला, मागे घेतला, मग त्याच्या डोक्यावर ठेवला.

"चल रे डिझेल," ती म्हणाली. "तो नाही बोलवायचा आता."

डिझेल उठला नाही. तिने पुन्हा हाक मारली नाही. त्याच्याजवळच तिने खाली बसकण मारली, आणि तीही वर बघू लागली.